खेळाडूपासून प्रशिक्षकापर्यंत : शैलजा जैन यांची वाटचाल

(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त युसूफ वडगाव येथे आयोजित व्याख्यानसत्रात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या सभागृहात आजवर कर्मसिद्धान्तावर, बारा व्रतांवर, कुंथलगिरीच्या आचार्य शांतिसागर महाराजांच्या सल्लेखनेवर व्याख्याने झाली. त्या व्यासपीठावर उभे राहून कबड्डीविषयी बोलायचे, याचा मला थोडा संकोच वाटतो. आपले चिटणीस मला म्हणाले, “सर, तुमचा जन्म मैदानावर गेला. एखाद्या अशा खेळाडूविषयी बोला, जो पुढे प्रशिक्षक झाला, आणि जो आपल्या तरुण पिढीला जवळचा वाटेल.” पहिल्यांदा माझ्या मनात बास्केटबॉलचे नाव आले. अमेरिकेच्या बोस्टन सेल्टिक्स संघाचे बिल रसेल १९६६ साली स्वतः खेळत असतानाच त्याच संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९६८ व १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. कथा मोठी खरी. परंतु आपल्या केज तालुक्यात बास्केटबॉलचे रिंग किती शाळांत आहेत, हे आपण जाणता. मग मला नाशिकच्या शैलजा जैन आठवल्या. खेळ आपल्या मातीतला, आडनाव आपले, आणि त्यांच्या कारकिर्दीत असा एक प्रश्न दडलेला, की ज्यावर आपल्याच घरात दोन मते पडतील. म्हणून हा विषय घेतला.

दिनांक २४ ऑगस्ट २०१८. शुक्रवार. राखीपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. इंडोनेशियातील जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होत्या आणि महिला कबड्डीची अंतिम लढत भारत विरुद्ध इराण अशी होती. आशियाई स्पर्धांत महिलांची कबड्डी २०१० साली ग्वांगझू येथे प्रथम आली. त्या वर्षीचे आणि त्यानंतर २०१४ सालचे इंचॉनचे सुवर्णपदक भारताचेच. २०१४ च्या अंतिम सामन्यात आपण याच इराणला ३१-२१ असे हरविले होते. त्याआधी २०१२ साली पाटणा येथे झालेल्या महिलांच्या पहिल्या विश्वचषकातही अंतिम फेरीत हाच संघ आपल्यासमोर होता आणि २५-१९ ने पराभूत झाला होता. त्यामुळे जकार्तालाही निकाल ठरल्यासारखाच आहे, असे आपण सारे धरून चाललो होतो. आदल्याच दिवशी आपला पुरुष संघ उपान्त्य फेरीत इराणकडून हरला होता, ही गोष्ट खरे तर सावध करण्यास पुरेशी होती. १९९० पासून सलग सात वेळा सुवर्ण जिंकणारा तो संघ. त्याचा तो पराभव पचलेला नव्हता. तरीही ‘मुली काही हरायच्या नाहीत’ असेच घरोघरी म्हटले गेले.

पूर्वार्धात आपली किंचित आघाडी होती. उत्तरार्धात चित्र पालटले. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते : इराण २७, भारत २४. इराणच्या मुली डोक्यावरचा हिजाब सावरत एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि त्यांच्या बाजूला उभी होती एक मराठी बाई. साठी ओलांडलेली, नाशिकहून गेलेली. शैलजा जैन.

त्या क्षणी मला काय वाटले, ते प्रांजळपणे सांगतो. आधी वाईट वाटले. आपल्या मुलींचे रडवेले चेहरे पाहून पोटात तुटले. मग पडद्यावर त्या बाईंचे नाव वाचले आणि कुतूहल जागे झाले. आणि थोड्या वेळाने, लपवीत नाही, अभिमान वाटला. एकाच मनात अर्ध्या तासात या तीन भावना येऊन गेल्या.

आता या शैलजाताई कोण? स्वतः कबड्डीपटू. पुढे महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा विभागात प्रशिक्षक म्हणून त्यांनी नाशिकमध्ये दीर्घकाळ काम केले. खेळाडू म्हणून त्यांचे नाव घरोघरी पोहोचले नव्हते. त्यांच्या हाताखालून मात्र शेकडो मुली तयार होऊन गेल्या. ज्यांना शासकीय प्रशिक्षकाचे आयुष्य ठाऊक नाही, त्यांना याचा अर्थ कळणार नाही. पहाटेचे सत्र, संध्याकाळचे सत्र, मधल्या वेळेत कागदपत्रे, निवड चाचण्या, प्रवासभत्त्याची बिले, आणि ‘आमच्या मुलीला कशाला हाफ पँट घालायला लावता’ असे विचारायला आलेले पालक. तीस-तीस वर्षे हे करायचे आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी यायचे.

मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होतोच असे नाही, आणि मोठ्या प्रशिक्षकाने मोठा खेळाडू असलेच पाहिजे असेही नाही. सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. शिवाजी पार्कवर त्यांनी जे घडविले, त्यासाठी त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. स्वतःला जे सहज येते, ते दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, हा माझाही अनुभव आहे. ज्याला एकेक पायरी चाचपडत चढावी लागली, त्याला पायऱ्या किती आणि कोणती निसरडी, हे पाठ असते.

शैलजाताईंच्या मनात एक सल होती. आयुष्यभर मुली घडविल्या, परंतु देशाच्या संघाची धुरा हाती आली नाही. निवृत्तीनंतर इराणकडून विचारणा झाली. वयाच्या साठीच्या आसपास, जिथली भाषा येत नाही, जिथे बाईने घराबाहेर डोके झाकूनच वावरायचे, अशा देशात जाण्याचे त्यांनी स्वीकारले. आपण उत्तम प्रशिक्षक आहोत हे सिद्ध करण्यासाठी गेलो, असे त्यांनी पुढे वृत्तपत्रांना मोकळेपणाने सांगितले. मला हा मोकळेपणा आवडतो. आपल्याकडे प्रत्येक गोष्ट सेवाभावाने केली असे सांगण्याची रीत आहे. त्यांनी ‘मला सिद्ध करायचे होते’ असे सांगितले. मानकषाय म्हणाल तर म्हणा. परंतु तो लपविण्याची माया त्यांनी केली नाही.

तिथे पहिली अडचण आली ती जेवणाची. त्या संपूर्ण शाकाहारी. इराणी पंगतीत मांसाला काय स्थान आहे, ते सांगायला नको. आपल्यापैकी जे व्यापारासाठी परमुलखात राहिले आहेत, त्यांना ठाऊक आहे की चार दिवसांची तडजोड वेगळी आणि महिनोन्‌महिने परक्या स्वयंपाकघरात आपला आहार सांभाळणे वेगळे. त्यांनी तो सांभाळला. दुसरी अडचण भाषेची. प्रशिक्षकाचे निम्मे काम तोंडानेच चालते. ‘डावा पाय पुढे’, ‘आता नको’, ‘साखळी सोडू नका’ हे दुभाष्यामार्फत सांगायचे म्हटले तर तोवर चढाई संपते. शैलजाताई कामापुरती फारसी शिकल्या.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांनी त्या मुलींच्या सरावात योगासने आणि प्राणायाम आणला. इराणी मुलींच्या अंगात ताकद होतीच. दोन वेळा अंतिम फेरी गाठणारा संघ दुबळा नसतो. कमी होती ती दम टिकविण्याची आणि शेवटच्या पाच मिनिटांत डोके शांत ठेवण्याची.

माझ्या माता-भगिनींपैकी ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नसेल, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मैदानाच्या मधोमध मध्यरेषा. प्रत्येक बाजूला सात खेळाडू. एक चढाईपटू ‘कबड्डी, कबड्डी’ असा दम घेत, म्हणजे एका श्वासात सलग उच्चार करीत, एकटीच समोरच्या सात जणींत शिरते. तीस सेकंदांची मुदत. निदानरेषा ओलांडायची, कोणाला तरी स्पर्श करायचा आणि दम न तुटता परत यायचे. स्पर्श झालेली खेळाडू ‘बाद’. पकडली गेली तर चढाई करणारी बाद. आणि गंमत अशी की बाद झालेली कायमची बाद नसते. आपल्या संघाने गुण मिळविला की ती पुन्हा ‘जिवंत’ होऊन मैदानात येते. हे शब्द माझे नाहीत, खेळाचेच आहेत. लहानपणी हुतुतू खेळताना आम्ही दिवसातून वीस वेळा मरत होतो आणि वीस वेळा जिवंत होत होतो.

या खेळाला बॅट नको, चेंडू नको, जाळे नको. लागते ती जमीन आणि श्वास. महाराष्ट्राने या खेळाला शिस्त लावली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक जगासमोर केले. बुवा साळवी यांनी तर सारे आयुष्य त्याच्या प्रसारात घातले. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आपण ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळतो. सांगण्याचा हेतू एवढाच की शैलजाताई इराणला रिकाम्या हाताने गेल्या नव्हत्या. महाराष्ट्राच्या मैदानांवर जमलेली कित्येक पिढ्यांची शिदोरी त्यांच्याबरोबर होती.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्याचा उल्लेख मी आरंभी केला. आपल्या देशाच्या मुलींना हरविण्यासाठी परक्या संघाला शिकविणे योग्य का?

त्या वेळी आमच्या शिक्षकांच्या कट्ट्यावर यावरून चांगलीच जुंपली होती. एक सहकारी म्हणाले, ही आपल्याच घराला लावलेली सुरुंगाची वात आहे. आपली युक्ती, आपले बारकावे बाहेर नेले. दुसरे म्हणाले, तुम्ही त्यांना घरात ठेवून घेतले असते तर त्या कशाला गेल्या असत्या? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. आपल्याला अनेकान्त शिकविला गेला आहे, म्हणून ‘दोघेही बरोबर’ असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु अनेकान्त म्हणजे मत न देण्याची पळवाट नव्हे. सगळ्या बाजू पाहून झाल्यावर आपण कुठे उभे आहोत, हे सांगावे लागतेच.

मी असा विचार केला. न्यूझीलंडचे जॉन राइट २००० ते २००५ या काळात आपल्या क्रिकेट संघाचे प्रशिक्षक होते. २०११ साली आपण विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक होते दक्षिण आफ्रिकेचे गॅरी कर्स्टन. टोकियोत आपल्या हॉकीच्या मुलींनी चौथा क्रमांक मिळवून सर्वांची मने जिंकली, त्यांचे प्रशिक्षक श्योर्ड मरीन्ये नेदरलँडचे, आणि उपान्त्यपूर्व फेरीत त्या मुलींनी हरविले ऑस्ट्रेलियाला. त्याच स्पर्धेत आपल्या पुरुष संघाला ४१ वर्षांनी हॉकीचे पदक मिळाले, त्यांचे प्रशिक्षक ग्रॅहम रीड स्वतः ऑस्ट्रेलियाचे. आपण त्यांना ‘तुमच्या देशाशी प्रतारणा केलीत’ असे कधी विचारले नाही. उलट हार घातले. मग तोच न्याय नाशिकच्या बाईला का नको? गुरूने समोर बसलेल्या शिष्याला हातचे राखून शिकवायचे नसते. ते राखले तर ती विद्येची चोरी होते, आणि अचौर्य हे आपल्या पाच व्रतांपैकी एक आहे. शैलजाताईंनी हातचे राखले नाही. सामन्यानंतर त्यांच्या मनात आनंद आणि हुरहूर दोन्ही होते, हे त्यांच्या बोलण्यात आले. ते साहजिकच होते.

आणखी एक. त्या पराभवाने आपले वाटोळे झाले नाही. पुढच्या आशियाई स्पर्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊला संपल्या. तिथे आपल्या मुलींनी सुवर्णपदक परत आणले. अंतिम सामन्यात चिनी तैपेईवर २६-२५, म्हणजे एका गुणाने. पूर्वी जिथे दहा-दहा गुणांनी जिंकत होतो, तिथे आता एका गुणावर श्वास अडकतो. इराण, तैपेई, थायलंड इथल्या मुली खेळू लागल्या. खेळ वाढतो तो असाच.

आता थोडे आपल्या अंगणात येऊ. बीड जिल्हा म्हटले की लोकांना दुष्काळ आणि ऊसतोड आठवते. परंतु याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याच्या अविनाश साबळे याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य आणि हांगझोऊला सुवर्ण मिळविले. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण आणले. तेव्हा ‘आपल्याकडे काय होणार’ हे वाक्य आता कोणी माझ्यापुढे उच्चारू नये. आपल्या समाजापुरते बोलायचे तर आपण देणग्या देतो, स्पर्धांना ढाल देतो, उद्घाटनाला फीत कापतो. आपली मुले, विशेषतः मुली, मात्र मैदानावर दिसत नाहीत. का?

मला एक कबुली द्यायची आहे. नाव घेणार नाही; ती मुलगी आता चार घरे सांभाळणारी गृहिणी आहे आणि तिचा संसार सुखाचा आहे. माझ्या शाळेत आठवीत असताना ती चढाईला निघाली की समोरच्या मुली मागच्या मागे सरकायच्या. अंगाने बारीक, पण पाय असा वळवायची की घोटा पकडणारीचा हात मातीवर पडे. आपल्याच समाजातली. तालुक्याच्या निवडीत ती पहिली आली. जिल्ह्याच्या निवडीला बीडला मुक्काम होता. संघाची गाडी पहाटे निघणार होती. ती आली नाही.

मी आठवडाभर तिच्या वडिलांवर मनातल्या मनात रागावलो. पुढे कित्येक वर्षांनी, तिच्याच धाकट्या भावाच्या लग्नात, तिच्या आईने मला सहज सांगितले. कारण फार साधे होते. मुक्कामात जेवण रात्री नऊनंतर मिळते आणि भाजीत कांदा-बटाटा असतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मुलगी सूर्यास्तानंतर जेवत नव्हती. दिवसभर खेळून उपाशी झोपेल, या काळजीने आईने तिला ठेवून घेतले. वडिलांचा तर विरोधही नव्हता. म्हणाल्या, “सर, तुम्ही एकदा घरी येऊन बोलला असतात तर पाठविलं असतं.”

मी गेलो नाही. शाळेपासून त्यांचे दुकान चालत दहा मिनिटांच्या अंतरावर होते. संध्याकाळी पाच वाजता डबा भरून द्या, मी स्वतः तिला साडेपाचला जेवायला बसवीन, एवढे एक वाक्य बोलायचे होते. मी गृहीत धरले की हे लोक मुलींना पाठवीत नाहीत. मी स्वतः त्याच लोकांपैकी असून! सारी चूक माझ्या आळसाची आणि माझ्या पूर्वग्रहाची. शैलजाताई इराणमध्ये आपला आहार सांभाळून पदक आणतात, हे ज्या दिवशी वाचले, त्या दिवशी मला ती बारीक अंगाची मुलगी आठवली आणि रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी एक विनंती आहे. आपल्या धर्मशाळेच्या मागे जी मोकळी जागा आहे, तिथे दुकानगाळे काढावेत असा विचार चालू आहे, असे कानावर आले. गाळ्यांचे भाडे येईल, ते पाठशाळेला उपयोगी पडेल, हे मला मान्य आहे. मुलींच्या कबड्डीचे मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद असते. भोवती थोडी मोकळी जागा धरली तरी आपल्या जागेचा एक कोपराच लागतो. उरलेल्या जागेत गाळे खुशाल बांधा. आपली काळी माती पावसात पायाला चिकटते, म्हणून वर मुरूम आणि चाळलेली माती टाकून ती चोपून घ्यावी लागेल. ते काम मी उभा राहून करून घेईन. सराव सूर्यास्तापूर्वी संपेल, म्हणजे चौविहार पाळणाऱ्या घरांची अडचण राहणार नाही. मैदान गावातील सर्व जातिधर्मांच्या मुलींना खुले असावे. संघ सात जणींचा असतो आणि आपल्या एकट्या समाजात त्या वयाच्या सात मुली आज भरणार नाहीत, हे व्यवहाराचे कारण झाले; दुसरे कारण आपल्या धर्मातच आहे, ते मी आपल्याला सांगायची गरज नाही.

आणि बाहेरगावच्या स्पर्धांसाठी डबे करण्याची जबाबदारी आपल्या महिला मंडळाने घ्यावी. मी मंडळाच्या अध्यक्षा ताईंशी या सभेआधी बोललो आहे. त्या म्हणाल्या, “सर, आधी मैदान दाखवा, मग डबे मोजा.” त्यांचे म्हणणे रास्त आहे.

जागेची मोजणी करण्यासाठी मी येत्या रविवारी सकाळी सात वाजता टेप घेऊन धर्मशाळेत येणार आहे. ज्यांना गाळेच हवे आहेत, त्यांनीही अवश्य यावे. दुसरे टोक धरायला माणूस लागतोच.

जय जिनेंद्र.